दुसरी बासरी

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको, उज्वलाकाकूंना त्यातलं काय समजतंय. हॉल आमचा होता म्हणून मी तिथं होते, एवढंच.

नेऱ्याच्या रस्त्याला आमचं लॉन्स आहे. पूर्वी लग्नसराईत एक दिवस मोकळा मिळायचा नाही. आता पोरांना एसी पाहिजे, गेटवर धूर सोडणारी मशिनं पाहिजेत, सगळे हिंजवडीकडं पळतात. म्हणून पुण्याच्या एका संस्थेनं वर्षभरासाठी हॉल मागितला तेव्हा आमच्या ह्यांनी चहा संपायच्या आत हो म्हटलं. कशाला मागितला, तर ऑर्केस्ट्राचं प्रदर्शन लावायला. रस्त्यावर बोर्ड लागला, ‘चला, ऑर्केस्ट्राला भेटू या’, आणि पहिल्याच संध्याकाळी गावातले वीस-पंचवीस बाप्ये केसांना तेल लावून हजर! त्यांना वाटलं जत्रेतल्यासारखा, पोरी नाचणार. आत पाहतात तर माणूस नाही न् काणूस नाही, नुसते स्पीकर. मी गल्ल्यावर बसून पोट धरून हसले.

साठ स्पीकर होते. माणसाच्या उंचीचे, अर्ध्या गोलात मांडलेले, आणि प्रत्येकावर एकेका गोऱ्या माणसाचा फोटो, हातात त्याचं वाद्य. ज्याचा फोटो त्याचाच आवाज त्या स्पीकरातून यायचा. म्हणजे तुम्ही त्या साठ जणांमधून फिरायचं, कुणाच्या तोंडाशी कान न्यायचा, कुणाच्या मागं उभं राहायचं. शिवाय एक मोठं व्हायोलिन होतं, त्याला छाती टेकवली की हाडं थरथरायची. पोरं बडवतील म्हणून एक तांब्याचा नगाराही ठेवला होता. हे सगळं बघणारा कौस्तुभ नावाचा मुलगा होता, कोथरूडचा, गोड बोलणारा. त्याच्या हातात सदा एक टॅब असायचा. टॅबवर साठ हिरवे ठिपके. एका ठिपक्याला बोट लावलं की तो लाल व्हायचा आणि तो स्पीकर गप्प. ‘कोण गप्प?’ असा खेळच होता त्यांचा. सगळे वाजवतायत, एक वाजवत नाही, तो कोणता ते ओळखायचं. मारुंजीच्या सोसायट्यांमधले भलेभले इंजिनिअर आले, कानाला हात लावून उभे राहिले, आणि तीनच्या पुढं कुणी गेलं नाही.

आता बयाबाईचं सांगते.

हॉलच्या मागं आमची भातखाचरं आहेत. दिवाळीनंतर भात निघाला की बयाबाईची मेंढरं तिथं बसतात. तिच्या सासऱ्यापासून चालत आलंय. मेंढरं खाचरात बसली की आम्हाला लेंडीखत मिळतं आणि त्या लोकांना पाणी मिळतं, पाल ठोकायला जागा मिळते. पाऊसकाळ आला की देशावर परत जातात. मुलगा नाथा दिवसभर कळपामागं, आणि म्हातारी पालाजवळ कोकरं सांभाळत. घरात तिसरी सोनिया, नाथाची पोरगी, दहावी झालेली. तिची आई ती चार वर्षांची असताना गेली. बयाबाईला मी पहिल्यापासून ‘तू’ म्हणते, वयानं माझ्या आईएवढी असली तरी. धनगराच्या म्हातारीला कोण अहो-जाहो करतं?

ती एके दिवशी कळशी घेऊन पाण्याला आली, आणि दार उघडं म्हणून सरळ हॉलमध्ये शिरली. ते साठच्या साठ वाजत होते. ही दारात उभी. मी म्हटलं, “बयाबाई, चपला काढ बाहेर, गालिचा आहे.” तिनं चपला काढल्या, कळशी खाली ठेवली आणि मान तिरकी केली.

“वयनी, ह्यातलं एक न्हाई बोलत,” ती म्हणाली.

“कशातलं?”

“ह्यांच्यातलं. त्या अंगाला, मागल्या वळीत. जागा हाय पर आवाज न्हाई.”

कौस्तुभ हसला. मग गंमत म्हणून जाऊन बघितलं, तर मागच्या ओळीतल्या एका स्पीकरची वायर निघालेली! दोन दिवस तसंच चाललं होतं. पुण्याहून खास आलेल्या त्यांच्या माणसाला कळलं नव्हतं.

कौस्तुभला तर काय करू न् काय नको झालं. “आजी, कसं ओळखलंत?”

बयाबाईला प्रश्नच कळला नाही. “म्हंजी? कोकरं न्हाईत का आमची? सांजंला मेंढरं आली की समदी एकदम वरडत्यात. आया बी वरडत्यात. कोन कुनाचं त्ये आवाजावर लावावं लागतंय. येक गप असलं तर कळाया नगं? त्ये कोल्ह्यानं न्हेलं असंल, न्हाईतर आजारी असंल.”

हे मी रोज गच्चीवरून बघत आले होते. दिवस मावळताना जाळीच्या कुंपणात पन्नास-साठ कोकरं, बाहेर तेवढ्याच आया, आणि असा गलका की आपलं डोकं फुटावं. मध्ये म्हातारी उकिडवी बसलेली, डोळे मिटून. एकेक कोकरू हाताला येईल तसं उचलायची आणि अंधार पडायच्या आत त्याच्या आईखाली लावायची. कधी चुकली नाही. मी ते बघायचे, पण त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नाही. धनगरणीला कोकरं कळणार नाहीत तर काय मला कळणार?

पण कौस्तुभच्या डोक्यात किडा शिरला. त्यानं तिला रोज दुपारी बोलवायला सुरुवात केली. ती एकेका स्पीकरपुढं जाऊन बसायची, ऐकायची आणि त्याला नाव ठेवायची. एका व्हायोलिनचं नाव ‘हावरी’. एक होता ‘म्हातारा बोकड’, तो लांब लाकडी भोंगा खरंच तसा खाकरायचा. मोठ्या व्हायोलिनांना ‘गाभन्या’. आणि एक बासरी होती, दुसरी बासरी, पहिलीच्या मागून अगदी हळू वाजणारी. तिचं नाव तिनं ठेवलं ‘पोरकं’.

“त्येच्याकडं कुनी बघंना गं,” ती सोनियाला सांगत होती. “पर बोलतंय बिचारं सारखं.”

सोनिया तिच्याबरोबर यायची. कुबडी घेऊन. तो टक टक आवाज आला की मी गल्ल्यातल्या नोटा उगाच परत मोजायला घ्यायचे. खोटं कशाला बोलू? त्या पोरीला बघितलं की माझं टाळकं फिरायचं.

कारण तिचा पाय आमच्या टँकरखाली गेला होता. मागच्या वर्षी, माघात. माझा दत्ता टँकर मागं घेत होता, कानात ते इअरफोनचं बोंड खुपसून. सोनिया नळावर हंडा भरत होती. ती ओरडली, नळावरच्या बायका ओरडल्या, ह्याला ऐकू आलं नाही. आणि दत्ताकडं तसली गाडी चालवायचं लायसन नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर विचारणार, हवालदार विचारणार. मी रिक्षातच बयाबाईचे हात धरले. त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा अहो-जाहो केलं. “बयाबाई, दगड पडला म्हणा. बांधाचा दगड पडला म्हणा हो. एकुलता एक पोरगा आहे माझा.” पोरीचं डोकं तिच्या मांडीवर होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि दवाखान्यात गेल्यावर म्हणाली, “दगड पडला.” हवालदारालाही तेच सांगितलं. नाथानं मान खाली घातली आणि तेच सांगितलं. सोनियाचं पाऊल कापावं लागलं नाही, पण ते वाकडंच जुळलं. चालणाऱ्यांच्या घरातली पोर, वर्षाकाठी दोनशे कोस चालणारी माणसं ही. लंगड्या पोरीला त्यांच्यात कोण करून घेणार?

ह्या सगळ्याबद्दल मला वाईट वाटायला पाहिजे होतं. वाटलंही असेल आठवडाभर. पण माणसाला सारखं वाईट वाटून घेता येत नाही, त्याचा राग यायला लागतो. ती माणसं गप्प राहिली, त्याचाच मला राग यायचा. भांडली असती तर बरं झालं असतं.

आणि अशात कौस्तुभनं माईकवरून जाहीर केलं. शनिवार होता, पेपरवाले आले होते, हा चेकाळला. म्हणाला, उद्या रविवारी अकरा वाजता आजी खेळणार. दहापैकी दहा ओळखले, तर त्यांच्या घरातल्या एकाला ह्या प्रदर्शनात कायमची नोकरी. दारात बसून लोकांना माहिती सांगायची. हॉलचं वर्ष संपल्यावरही संस्था हे इथंच कायम ठेवणार होती, तशी आमच्या ह्यांच्याशी बोलणी चालली होती.

बयाबाई माझ्याकडं धावत आली, गल्ल्यापाशी. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं. “वयनी, बसायची नोकरी हाय! खुर्चीवर! पोरीला चालायाच नगं!”

मी म्हटलं, “बघू.”

रात्रभर माझ्या कानात ती कुबडी. रोज. माझ्या हॉलच्या दारात, माझ्या दत्ताच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. येणारा प्रत्येक जण विचारणार, बाळ, पायाला काय झालं गं? आणि ती रोज ‘दगड पडला’ म्हणणार. किंवा एखाद दिवशी म्हणणार नाही.

रविवारी मी वास्तुशांतीला घेतलेली पोपटी साडी नेसून गेले. हॉलची मालकीण म्हणून पुढच्या खुर्चीत. सोनिया माझ्या शेजारच्याच खुर्चीत, कुबडी मांडीवर आडवी. गर्दी म्हणाल तर लग्नाला होत नाही एवढी. बयाबाई साठ स्पीकरांच्या मधोमध उकिडवी बसली, पदर डोक्यावरून घेतला आणि डोळे मिटले.

पहिल्यांदा कौस्तुभनं एक व्हायोलिन बंद केलं. वीस व्हायोलिनांतलं एक! ती म्हणाली, “हावरीच्या शेजारची.” बरोबर. दुसऱ्यांदा, “बोकड.” बरोबर. तिसरं, चौथं. सोसायटीतल्या बायका सुरुवातीला मोबाईल धरून हसत होत्या, पाचव्यानंतर हसायच्या थांबल्या. सातव्याला कुणीतरी शिट्टी मारली. नववं बरोबर आलं तेव्हा लोक उभे राहिले. सोनियानं कुबडी इतकी घट्ट धरली होती की तिची नखं पांढरी पडली.

तेवढ्यात मागून एक टी-शर्टवाला ओरडला, “फिक्स आहे! टॅब ह्यांच्याच हातात, आजींना आधीच सांगितलंय. दुसऱ्या कुणाकडं तरी द्या!” आणखी दोघं-तिघं ओरडले. कौस्तुभ लाल झाला. त्यानं इकडंतिकडं बघितलं, आणि सरळ माझ्यापुढं येऊन टॅब माझ्या हातात ठेवला.

“काकू, तुम्ही करा. तुम्ही तर कुणाच्याच बाजूच्या नाही. एक ठिपका बंद करा, कुठलाही. मी पाठ करून उभा राहतो.”

असं देवानं ताट वाढून द्यावं! मी टॅब छातीशी धरला. एका ठिपक्याला बोट लावलं, तो लाल झाला. कुठला ते आठवत नाही. मग मी परत बोट लावलं आणि तो हिरवा केला. साठच्या साठ हिरवे. कुणीही बंद नाही.

संगीत सुरू झालं. दीड मिनिटाचा तुकडा होता. मला नेहमीसारखा नुसता गोंधळ ऐकू येत होता. बयाबाईची मान हळूहळू फिरत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि परत. संपलं. ती डोळे मिटून बसूनच राहिली.

“पुन्हा येकदा लावा,” ती म्हणाली.

पुन्हा लावलं. संपलं. तिनं डोळे उघडले.

“समदी हायेत.”

“आजी?” कौस्तुभ म्हणाला.

“समदी बोलत्यात. कुनी कमी न्हाई.”

लोक हसले. वाईट हेतूनं नाही, आपलं लोक हसतात तसं. कौस्तुभ तिच्याजवळ खाली वाकला. “आजी, एक बंद असतंच. खेळच तो आहे. नीट आठवा. नसेल कळत तर अंदाजानं सांगा, एक नाव घ्या कुणाचंही.”

“अंदाजानं कसं? बोलत्याला मेलं कसं म्हनू?”

आता हे त्याला काय कळणार! पण मला कळत होतं. त्यांच्यात जे कोकरू गेलं म्हणून सांगितलं, त्याची आई लगेच दुसऱ्या उपाशी कोकराला लावतात. चुकून जित्याचं नाव घेतलं, तर ते दुधावाचून मरतं. म्हणून ती खात्री झाल्याशिवाय कुणाला गेलेल्यात धरत नाही. साठात एक नाव घ्यायचं होतं नुसतं. कुठलंही नाव घेतलं असतं, तर काय सांगावं, मीही घाबरून हो म्हटलं असतं. पण ती हटून बसली.

“समदी हायेत,” ती पुन्हा म्हणाली, आणि माझ्याकडं बघितलं. विचारल्यासारखं.

शेजारी सोनिया उठायला लागली. कुबडी टेकवली, अर्धी उठली. मी तिच्याकडं फक्त बघितलं. त्या बघण्यात खाचर होतं, पाण्याचा नळ होता, पाल होतं. ती परत खाली बसली.

“काकू, कोण होतं?” कौस्तुभनं विचारलं.

“दुसरी बासरी,” मी म्हटलं. बोलता बोलता ठिपक्यावर बोट टेकवलं आणि टॅब वर करून सगळ्यांना दाखवला. एक लाल ठिपका.

“आऽऽ,” असं झालं हॉलमध्ये.

“पोरकं?” बयाबाई म्हणाली. “न्हाई वो. पोरकं बोलत हुतं की. सारखं बोलत हुतं.” ती उठून त्या स्पीकरपाशी गेली, त्याला कान लावला. तो बंदच होता, संगीतच बंद होतं. ती तशीच उभी राहिली. “बोलत हुतं,” ती पुन्हा म्हणाली, पण ह्या वेळी हळू.

कौस्तुभनं तिला शाल दिली, नारळ दिला. नऊसुद्धा भारीच आजी, म्हणाला. टाळ्या झाल्या. आठ दिवसांनी मारुंजीची एक मुलगी दारातल्या खुर्चीवर येऊन बसली, दोन्ही पायांनी धड. मी त्या दिवशी कौस्तुभला घरचे बेसनाचे लाडू पाठवले.

सोनिया मधल्याच एका दुपारी माझ्याकडं आली. मी ओट्याशी भाकरी थापत होते. ती दारात उभी राहिली, आत आली नाही.

“काकू, दहाव्या येळंला कुनीच बंद नव्हतं. मला बी ऐकू येतंय. आजीकडूनच शिकले.”

मी भाकरी उलटली.

“मला नोकरी नगं,” ती म्हणाली. “म्या कुनाला सांगत न्हाई. फकस्त आजीला येवढं सांगा की कुनी बंद नव्हतं. ती कोकरांत बसायची थांबलीया. परवा दोन चुकीच्या आयांना लावली. म्हनती, माझा कान गेला. म्या सांगितलं तर म्हनती, तू माझं मन राखतीस.”

एवढंच मागत होती पोरगी. आणि माझ्या तोंडून काय निघालं? “पाय गेला तर गेला, आता डोकंपण गेलं का गं तुझं? जा इथून.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रडली असती तर मी कदाचित विरघळले असते. ती रडली नाही, वळली आणि गेली. टक टक टक. भाकरी जळली ती मी गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी बयाबाई स्वतः आली. मागच्या दारी पायरीवर बसली. मी चहा दिला, बशीत ओतून प्याली. 

“वयनी, येक इचारू? खरं सांगा. टॅब तुमच्या हातात हुता. पोरकं बंद हुतं?”

मी चहाचं गाळणं झटकत राहिले.

“न्हाई, तुमी खोटं कशाला बोलाल. मला वाटलंच.” तिनं बशी खाली ठेवली. “बिरोबानं न्हेला माझा कान. त्येचा दोष न्हाई. म्या बोलले न्हवं का दवाखान्यात, दगड पडला म्हनून? पोर माझ्या मांडीवर वरडत हुती, तिच्या देखत बोलले. तवाच मला वाटलं हुतं, ह्ये तोंडाचं पाप कुटं तरी निघनार. कानातनं निघालं.” आणि मग ती माझ्याकडं बघून हसली, समजूत काढल्यासारखी! “तुमी मनाला लावून घिऊ नगा. दत्ता सुखी हाय न्हवं? झालं तर मग.”

आता सांगा. एक वाक्य होतं. घशापर्यंत आलेलं. ‘बयाबाई, सगळी होती.’ ते म्हटलं असतं तर म्हातारीचा कान परत आला असता, तिचा देव तिच्यावर रागावलेला नाही हे तिला कळलं असतं. त्याच्यापुढं मला काय झालं असतं? काही नाही. ती कुणाला सांगणारी बाई नव्हती. पण ती मला माफ करेल, हे मला दिसत होतं. तिथंच पायरीवर, चहा पिता पिता माफ करेल, दगडाचं केलं तसं. आणि मग मला जन्मभर तिचं तोंड बघावं लागेल. ते मला नको होतं.

“बंद होती हो बयाबाई,” मी म्हटलं. “दुसरी बासरी बंदच होती.”

तिनं मान हलवली. मग पदर सावरत उठली. “एखादं जुनेर असंल तर द्या. पट्ट्या फाडून कोकरांच्या गळ्यात बांधीन. आईला येक गाठ, कोकराला येक गाठ. दुसरीला दोन. नव्या पोरी करत्यात तसं. आता मोजूनच लावावं लागंल.”

मी कपाट उघडलं. जुन्या साड्या खालच्या कप्प्यात होत्या, ढीगभर. माझा हात वर गेला आणि मी ती पोपटी काढून दिली. दोनदाच नेसलेली.

“आगं बया! ही फाडू?” ती म्हणाली. “वयनी, लई मोठं मन हाय तुमचं. तुमच्या लेकराला उदंड आयुष्य मिळू दे.” तिनं साडी कपाळाला लावली.

परवा संध्याकाळी वाळवण उचलायला गच्चीवर गेले. खाली मेंढरं आली होती. साठ कोकरांच्या गळ्यांत पोपटी पट्ट्या, साठ आयांच्या गळ्यांत पोपटी पट्ट्या. सगळं खाचर माझ्या साडीनं भरलेलं. बयाबाई एकेका कोकराला धरून बोटांनी गाठी चाचपत होती. ओठ हलत होते, तीन, चार, पाच. मग तेवढ्याच गाठींची आई शोधायला आयांमध्ये जायची. अंधार पडत आला तरी निम्मीसुद्धा लागली नव्हती.

एका कोकराच्या गळ्यातली पट्टी सुटून पडली होती. ते तिच्या पायातच घोटाळत होतं आणि तोंड वर करून ओरडत होतं. जाळीच्या पलीकडून एक मेंढी त्याला ओ देत होती. मला संगीतातलं काही कळत नाही, पण तेवढ्या गलक्यात ते दोन आवाज मला वेगळे ऐकू येत होते.

“आजे, त्ये बोलतंय की!” बाजेवरून सोनिया ओरडली. “त्येची आय तितंच हाय!”

“गाठ सापडू दे,” म्हातारी म्हणाली, आणि त्याला पायानं हळूच बाजूला सारून पुढच्याच्या गळ्यात हात घातला.

सोनियानं मान वर करून गच्चीकडं बघितलं. मी सुपात कुरडया गोळा केल्या आणि जिन्यानं खाली आले.